किंडरगार्टन, स्पॅनिश आणि घरातली मराठी

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. ह्यांची नोकरी वॉशिंग्टनला गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तिकडे बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगी पुढच्या १५ सप्टेंबरला पाच वर्षांची होईल. घरी आम्ही मराठीच बोलतो. तिला स्पॅनिश शिकवणाऱ्या सरकारी पब्लिक स्कूलमध्ये घालायची माझी फार इच्छा आहे. खासगी शाळेची फी झेपणार नाही. अशा शाळा शोधायच्या कशा? शिवाय नावनोंदणीच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली तर मुलीला इंग्रजी न येणाऱ्यांत टाकतील, असं मैत्रीण सांगते. काय करू?

उत्तर: आधी त्या १५ सप्टेंबरकडे पाहू. वॉशिंग्टन परिसर म्हणजे तीन वेगळी सरकारं: शहर म्हणजे डीसी, आणि शेजारची व्हर्जिनिया व मेरीलँड ही राज्यं. डीसी आणि व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण होत असली की किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाला, घेतात. मेरीलँडची तारीख १ सप्टेंबर आहे. म्हणजे व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला घर घेतलंत तर मुलगी त्याच वर्षी शाळेत बसेल आणि मेरीलँडमधल्या बेथेस्डाला घेतलंत तर लवकर प्रवेशाची वेगळी चाचणी पार केल्याशिवाय तिला वर्षभर थांबावं लागेल. इमर्शनच्या, म्हणजे विषयच स्पॅनिशमधून शिकवणाऱ्या वर्गांच्या, जागा बहुतेक ठिकाणी किंडरगार्टन किंवा पहिलीतच भरतात. त्यानंतर स्पॅनिश येत असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून घराचा शोध आणि शाळेचा शोध एकत्रच करा.

मी याच भागातल्या पब्लिक स्कूलमध्ये पहिलीच्या दोन भाषांच्या वर्गात इंग्रजीचा भाग शिकवते. स्पॅनिशचा भाग माझी जोडीदार शिक्षिका सांभाळते. दर वर्षी पालक विचारतात, "ही बायलिंग्वल शाळा आहे ना?" एवढं विचारून काहीच कळत नाही. काही 'बायलिंग्वल' वर्ग फक्त स्पॅनिशभाषक मुलांसाठी असतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांना पूर्ण इंग्रजीत नेणं हाच त्यांचा हेतू असतो. तिथे तुमच्या मुलीला जागा नाही. काही शाळांत आठवड्यातून थोडा वेळ स्पॅनिशचा तास होतो आणि माहितीपत्रकावर तो ठळक छापलेला असतो. त्यातून गाणी आणि रंगांची नावं येतात, भाषा येत नाही. तुम्हाला हवं ते 'ड्युअल लँग्वेज' किंवा 'इमर्शन'. त्यात गणित, विज्ञान असे विषयच स्पॅनिशमधून शिकवतात. ५०-५० म्हणजे अर्धा दिवस एका भाषेत, अर्धा दुसऱ्या. ९०-१० म्हणजे सुरुवातीला जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीचा वाटा वर्षागणिक वाढता. टू-वे वर्गात साधारण निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी असतात. मला हाच प्रकार सर्वांत आवडतो, कारण तिथे मैदानावरही स्पॅनिश ऐकू येते.

हे काही नवं खूळ नाही. क्यूबातून आलेल्या कुटुंबांमुळे मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ मध्ये दोन भाषांतून शिक्षण सुरू झालं. डीसीतल्या ऑयस्टर शाळेने १९७१ मध्ये तोच रस्ता धरला. आज ती ऑयस्टर-अ‍ॅडम्स म्हणून आठवीपर्यंत चालते.

आता कुठे पाहायचं ते. डीसीत 'माय स्कूल डीसी' या एकाच अर्जावर बारा शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. ऑयस्टर-अ‍ॅडम्सबरोबर मुंडो वेर्दे, डीसी बायलिंग्वल या चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या) शाळाही त्यात आहेत आणि चार्टरलाही फी नसते. अर्जाची मुदत साधारण मार्चच्या सुरुवातीला संपते. प्रवेश पक्का करताना डीसीत राहत असल्याचा पुरावा लागतो. आर्लिंग्टनमध्ये एस्कुएला की आणि क्लेरमाँट या दोन शाळा आहेत आणि पुढे गन्स्टन मिडल स्कूलमध्ये इमर्शन चालू राहतं. व्हर्जिनियातल्याच फेअरफॅक्स काउंटीत रेस्टनची लेक अ‍ॅन शाळा पाहा. शेजारी राहायला गेल्याने इमर्शनची जागा मिळेलच असं मात्र नाही. जिल्ह्याच्या नावनोंदणी कार्यालयात फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: लॉटरी (जागांची सोडत) कधी, स्पॅनिश न बोलणाऱ्यांची यादी वेगळी आहे का, आणि बस मिळते का. बस नसेल तर रोज सकाळी कोण सोडणार हे अर्जाआधीच ठरवा.

शाळा पाहायला बोलावतात तेव्हा किंडरगार्टनच्या सजवलेल्या भिंतींपाशी रेंगाळू नका. चौथी-पाचवीच्या वर्गात जा. तिथे पट किती उरलाय, मुलं प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारतात की फक्त उत्तरं देतात, शिक्षिका दर वाक्यामागे इंग्रजीत उलगडा करते का, ते पाहा. करत असेल तर मुलं इंग्रजीचीच वाट पाहायला शिकतात.

फॉर्मवर मराठीच लिहा. खरं ते लिहायचं. मग इंग्रजीची छोटी चाचणी होईल, या तिन्ही ठिकाणी ती विडा (WIDA) या संस्थेची असते. इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर जादा मदत मिळते, आणि ती नको असेल तर नाकारण्याचा हक्क पालकांना आहे. तेव्हा 'इंग्रजी शिकणारी' अशी नोंद होते, पण तो कायमचा शिक्का नाही; इंग्रजी पुरेसं आलं की ती नोंद निघते. स्पॅनिश इमर्शनमध्ये इंग्रजी कच्चं राहील ही भीतीही सोडा. ओरेगनमधल्या पोर्टलंडला इमर्शनच्या लॉटरीत नाव घातलेल्या मुलांवरचा रँड या संशोधन संस्थेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिन्यांनी आणि आठवीत नऊ महिन्यांनी पुढे होती.

एक कळकळीची विनंती: शाळेत दोन भाषा आहेत म्हणून घरातली मराठी इंग्रजीने बदलू नका. रात्री मराठीत गोष्ट वाचा, दिवसभर काय झालं ते मराठीतच विचारा. गोष्ट नीट क्रमाने सांगायला शिकलेलं मूल स्पॅनिशमध्येही लवकर सांगू लागतं, हे मी वर्गात पाहते.

लॉटरीत पहिल्या फेरीत नंबर लागला नाही तर प्रतीक्षा यादीतून नाव काढू नका. उन्हाळ्यात कुटुंबं गाव बदलतात आणि जागा शाळा सुरू झाल्यानंतरही निघतात. तो फोन आला की उत्तर द्यायला फार थोडा वेळ देतात, तेव्हा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि घरभाड्याचा करार एका फाइलमध्ये तयार ठेवा.