पुराच्या रात्रीचं चांदणं

प्रश्न: पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायला घेतलीय. नोकरी आयटीत, त्यामुळे वेळ रात्रीचाच. दीड वर्ष नुसतं वाचतेय, फोनमध्ये चारशेच्या वर स्क्रीनशॉट झालेत, पीडीएफ वेगळ्या, आणि लिहून झालीत फक्त तीन प्रकरणं (सोबत पाठवलीत). त्यात आजी म्हणते पाणी रात्री आलं, आणि सगळीकडे लिहिलंय की दिवसा. विश्वास कोणावर ठेवायचा? रिसर्च करतात तरी कसा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: तिन्ही प्रकरणं वाचली, आवडली. पण दुसऱ्यात एक वाक्य आहे, 'पाणी ओसरलं आणि चिखलावर चांदणं पसरलं'. मस्त वाक्य, पण झालं असं की 12 जुलै 1961, बुधवार, त्या दिवशी अमावास्या होती. जुनं पंचांग काढून बघा. वर पावसाळा, शहरात वीज नाही, म्हणजे तुमची नायिका ठार काळोखात पायाने चाचपडत आपला वाडा शोधतेय, आणि खरं सांगू का, हा सीन चांदण्यापेक्षा कितीतरी भारी होईल. त्याच पंचांगात अजून एक सापडेल, त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे आषाढी एकादशी पुरानंतर दहा-अकरा दिवसांनी आली, म्हणजे पालख्या पुण्यातून नुकत्याच पुढे गेलेल्या. चारशे स्क्रीनशॉटमध्ये हे आहे का? मला नाही वाटत, कारण तुम्ही पुराबद्दल शोधताय, त्या दिवसाबद्दल नाही.

आता आजी. पाणी दिवसाच आलं, सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि मग खडकवासलाही फुटलं. म्हणून आजी खोटं बोलतायत असं नाही हो, बहुतेक नंतरच्या अंधाऱ्या रात्री त्यांच्या डोक्यात जास्त घट्ट बसल्यात. वेळ आणि तारीख आजींना विचारूच नका, ती कागदावर मिळते. मी एकदा एका काकांना 'पूर कसा होता' विचारलं तर त्यांनी अर्धा तास धरणाच्या बांधकामावर लेक्चर दिलं, जे मी आधीच वाचलं होतं. मग कंटाळून विचारलं, घरी परत आलात तेव्हा दार उघडलं का? काका एकदम थांबले. म्हणाले, दार फुगलं होतं, लाथ मारावी लागली, आणि आत ज्वारीच्या पोत्याला वास सुटला होता. तो वास कुठल्याच रिपोर्टात मिळाला नसता.

पेपर वाचायचे तर एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन त्या जुलैचा बांधीव गठ्ठा मागा आणि हेडलाइन सोडून छोट्या जाहिराती वाचा, भाव वाचा, शाळा कधी उघडणार ती नोटीस वाचा. भाव नव्या पैशात दिसतील, कारण दशमान नाणी 1957 लाच आलेली, पण तुमच्या भाजीवालीच्या तोंडी बिनधास्त 'चार आणे' घाला, लोक कितीतरी वर्षं तसंच बोलत होते.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर कुठून घेतला, कोणतं पान, एवढं ज्याच्यावर लिहिलेलं नाही तो डिलीट करून टाका, सहा महिन्यांनी तो तुम्हालाच ओळखू येणार नाही. आणि लिहिणं थांबवू नका. अडलं की कंसात 'बघायचंय' टाकायचं आणि पुढे जायचं, रविवारी ते सगळे 'बघायचंय' एकत्र काढून बसायचं, म्हणजे नक्की काय शोधायचं ते तरी कळतं. फक्त शेवटी एकही कंस राहू देऊ नका. माझ्या एका कथेत 1968 च्या मुंबईत एक बाई आरामात टीव्ही बघत बसली होती, मुंबईत टीव्ही आला 1972 च्या ऑक्टोबरात, आणि छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ, 'कुठलं चॅनेल?' अजून ते कपाटात आहे.

तर आधी ते चांदणं काढा. मग आजींना विचारा की त्या रात्री उजेडाला काय होतं, कंदील असेल तर घासलेट कोणाकडून आणलं. त्या काय म्हणाल्या ते मलाही कळवा.