क्लासचं नाव मी देणार नाही

नमस्कार भाऊ,

सेलूहून तुमचं दोन पानी पत्र आलं. मुलगी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे औषधांच्या चाचण्यांच्या विश्लेषणात जायचं म्हणते. तुम्हाला तिला तिसऱ्यांदा नीटला बसवायचंय, म्हणून लातूरचा चांगला क्लास विचारलात. नाव मी देणार नाही. मला घोर लागला तो तुमच्या एका ओळीचा: ‘महिना झाला, तिच्याशी बोलत नाही.’ लेक सुट्टीला घरी येते, समोर ताटावर बसते आणि बाप मान वर करत नाही. दोन वर्षं लातूरच्या खोलीवर काढून सीट हुकली, ते दुःख तिनं केव्हाच मागं टाकलं. तुम्ही अजून तिथंच उभे आहात. पाहुण्यांना ‘पोरगी डॉक्टर होणार’ असा शब्द तुम्ही दिला होता, तिनं नाही.

तिच्या या कामाबद्दल तुम्ही लिहिता, ‘पाच चाचण्यांचे पेशंट एकत्र केले की हजारोंनी होतात, औषध कुणाला जास्त लागू पडतं ते कम्प्युटरच सांगतो.’ इथं तुम्ही चुकताय. तुमच्या सोयाबीनवरच सांगते. खत लागू पडतं का, हे कळायला जेवढे प्लॉट लागतात, तेवढ्यात ते मुरमाडापेक्षा काळ्या रानात जास्त लागू पडतं का, हे कळत नाही. रानं निम्मी-निम्मी असली आणि तो फरक खताच्या एकूण फायद्याएवढाच मोठा असला, तरी चौपट प्लॉट लागतात. फरक त्याच्या निम्मा असेल तर सोळापट. त्यात एका गावात सगळं काळं आणि दुसऱ्यात सगळं मुरमाड असेल, तर कितीही प्लॉट जोडा, फरक जमिनीचा की पावसाचा, हे सुटत नाही. प्रत्येक गावात दोन्ही रानं हवीत. औषधात रानाच्या जागी बाई-पुरुष, मधुमेह असलेले-नसलेले.

1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-2 या हृदयविकाराच्या चाचणीत 17,187 रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिननं मृत्यू स्पष्ट कमी झाले. पण राशीवार वाटणी केल्यावर मिथुन आणि तूळवाल्यांना फायदा दिसेना! तो निव्वळ योगायोग होता आणि संशोधकांनी तो मुद्दाम दाखवला. तिथं राशीऐवजी ‘बायका’ असतं, तर कुणाच्या तरी आईची गोळी बंद झाली असती. ही चूक पकडणारं काम तुमची मुलगी शिकू पाहतेय.

एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम ही प्रवेश परीक्षा, भारतीय सांख्यिकी संस्थेची (आयएसआय) प्रवेश परीक्षा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आहेच. ते तिला ठाऊक असणार.

आता ती घरी आली की वही घेऊन तिच्याजवळ बसा. काळ्या रानाचे किती आणि मुरमाडाचे किती प्लॉट घ्यायचे, ते तिलाच विचारा.