पप्पांचा गुण्या

"मॅडम, बाकी गनितमा हुशार शे, पन भूमिती उनी का रडस." जळगावच्या माझ्या खोलीत ही तक्रार मी अहिराणीत, लेवा बोलीत, शाळेच्या मराठीत कितीदा तरी ऐकली आहे. आईबापांना वाटतं, पोरगी आळस करते. म्हणून त्यातल्याच एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सहावीतली मुलगी, वडील गवंडी. पहिल्या भेटीत मी पुस्तक उघडलंच नाही. कागदावर चौरस काढला.

"हा काय?"

"चौरस."

कागद फिरवून तोच चौरस टोकावर उभा केला. "आणि आता?"

"शंकरपाळी."

"बाजू बदलल्या का गं?"

"नाही... पण चौरस असा नसतो."

मला तिथेच उमगलं. ओळखीचं माणूस चेहऱ्यावरून ओळखावं, तशी ती आकृती ओळखत होती. बाजू आणि कोन तिला अजून वेगळे दिसतच नव्हते. पिएर आणि दिना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये हेच मांडलं: मूल आधी अख्खा आकार ओळखतं, मग त्याचे गुणधर्म पाहतं, व्याख्या त्यानंतर. आपण मात्र व्याख्येपासूनच सुरुवात करतो. मी या दोघांच्या वाटेने जाते आणि आजवर मला पस्तावावं लागलेलं नाही.

तिसऱ्या भेटीला वडील कामावरून थेट आले. पिशवीत लोखंडी गुण्या, कडांना सिमेंट वाळलेलं. मी तो मागून घेतला आणि तिच्या कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा गुण्या शेजारी ठेवला.

"काटकोन मोठा कुठला?"

तिने चटकन लोखंडी दाखवला. साहजिकच, हात लांब तो कोन मोठा, असं पुष्कळ मुलांना वाटतं. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "लावून बघ." तिने प्लॅस्टिकचा कोपरा लोखंडी कोपऱ्यात सरकवला. नेमका बसला, फट नाही. काढला, परत बसवला.

"म्हणजे पप्पांचा पण 90 च?"

"भुजा कितीही वाढव."

ती वडिलांकडे बघत राहिली. "तुमचा गुण्या आणि आमचा गुण्या एकच आहे?" एकच शब्द घरी आणि शाळेत, पण दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नव्हती. त्या दिवशी तिने माझ्या खोलीतला दरवाजा, टेबल, खिडकी, सगळं तपासलं. खिडकी काटकोनात नव्हती. वडील हसले, "आमी नाय बांधेल, मॅडम!"

तेव्हा घरी एवढं करा. कोनमापक हातात देण्याआधी विचारा, कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा? कोनमापकावर दोन उलटसुलट मापं असतात, त्यात 60 च्या जागी 120 वाचलं जातं. आधी अंदाज केला की ही चूक मूल स्वतःच पकडतं. कागदाचा कुठलाही त्रिकोण कापा, तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावा, खालची कड सरळ रेषा होते. मग त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश, हे पाठ करावं लागत नाही.

शेवटच्या भेटीत तिने चार पट्ट्या स्क्रूने जोडून आणल्या होत्या. चौकट सारखी कलत होती. वडिलांनी सांगितल्यावरून तिने तिरपी पाचवी पट्टी लावली, चौकट घट्ट झाली. मग ती बराच वेळ त्या तिरप्या पट्टीकडे बघत होती.

"मॅडम, हे तर दोन त्रिकोण झाले. मग चौकोनाचे 180 दोनदा?"

पंचकोनाच्या पट्ट्या तिने पुढच्या रविवारी आणायच्या ठरवल्या.