जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड? आधी पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा

प्रश्न : दादा नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राजेंद्र नगरला राहतो. मोठ्या भावाचा जुना पीसी आता माझ्याकडे आलाय, आय५ ६५०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि फुल एचडी मॉनिटर. जीटीए ५ गेम चालते पण नवीन काही लावलं की सगळ्या सेटिंग लो ठेवूनही अडकतं. सिल्वर मॉलला चौकशी केली तर एक जण म्हणाला आरटीएक्स ४०६० कार्ड घेऊन टाक, पॉवर सप्लाय (पीसीला वीज देणारा डबा) ४५० वॉटचा आहे ना, चालून जाईल. मित्र म्हणतो सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घे. बाबा म्हणालेत पैसे एकदाच मिळतील. काय घेऊ?

उत्तर : अरे, पैसे एकदाच मिळणार आहेत म्हणूनच कार्डाचं नाव नंतर, आधी कॅबिनेटचं साइडचं पॅनल उघड आणि सप्लायवरचं लेबल वाच. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं त्याकडे बघूच नकोस, खाली +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच वीज खातात. स्वस्तातल्या लोकल सप्लायवर तिथे बरेचदा १६ वगैरे असतं. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट, झालं! तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा, आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॉटचं, दोघांचे मिळून १९७, आणि अजून पंखे, हार्डडिस्क धरलेच नाहीत. दोन रकाने असतील, १२व्ही१ आणि १२व्ही२, तर त्यांची नुसती बेरीज करायची नाही, एकत्रित वॉट वेगळे छापलेले असतात ते धरायचे. आतापर्यंत तुझं भागलं कारण ७५० टीआय फक्त ६० वॉटचं आहे, बोर्डाचा स्लॉटच ७५ वॉटपर्यंत देतो, त्यामुळे सप्लायला कधी खरा ताण पडलाच नाही. "चालून जाईल" म्हणणाऱ्याने हे लेबल बघितलेलं नसतं, आणि मे महिन्यात बंद खोलीत तीन तास गेम चालू असताना सप्लाय उडाला तर कधीकधी बोर्डही सोबत घेऊन जातो. आणि मोलेक्सचं (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या जुन्या चार पिनच्या प्लगचं) कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायर बनवून देतो म्हणाला कोणी तर सरळ नको म्हण.

आता कार्ड. सप्लाय बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॉटचं आहे, बहुतेक मॉडेलना सप्लायपासून वेगळी वायर लागत नाही. पण नीट बघून घे, ३०५० नावाचंच ८ जीबीचंही कार्ड आहे आणि ते १३० वॉटचं आहे, जास्त फास्ट आहे पण वायर मागतं, दोन्हीच्या डब्यात पटकन फरक कळत नाही.

तरी मला विचारशील तर थोडे पैसे सप्लायला दे, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) लिहिलेला, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर असलेला, आणि त्यावर आरएक्स ६६०० ८ जीबी. फुल एचडीला छान चालतं, एकच आठ पिन लागते, आणि उद्या बोर्ड-प्रोसेसर बदललास तरी हा सप्लाय नव्या पीसीत जसाच्या तसा जातो, तो पैसा वाया जातच नाही. ४०६० वाईट नाही रे, उलट ११५ वॉटचंच आहे, पण तुझा प्रोसेसर २०१५ चा, चार कोर चार थ्रेड म्हणजे एका वेळी चारच कामं करणारा, तो त्या कार्डाला पुरेसं काम देऊच शकणार नाही, मग वरचे पैसे कशाला. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल पण घेऊ नकोस, ते बोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर चालतं आणि तुझ्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३ हा जुना, कमी वेगाचा स्लॉट आहे, ४ जीबी मेमरी भरली की तिथेच अडकतं. इंटेलचं आर्क कार्ड पण नको, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तुझ्या बोर्डात नाही.

५८० बद्दल मित्राला सांग, १८५ वॉटचं कार्ड आहे, २०१७ चं, आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगला (ते चलन कमावण्याच्या गणितांना) अशी कार्डं रात्रंदिवस राबलीत. त्यात २०४८एसपी नावाचा कमी ताकदीचा प्रकार ५८० म्हणूनच खपवतात. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर समोर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून शेडरचा (कार्डातल्या छोट्या गणन-भागांचा) आकडा बघ, खऱ्या ५८० ला २३०४ असतात.

अजून एक, खर्चाआधी आफ्टरबर्नर हे कोणावर किती ताण आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर लावून एकदा गेम खेळ. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्डच कमी पडतंय. प्रोसेसरच १०० टक्क्यांवर असेल तर मग नवीन कार्डाने फार काही होणार नाही. रॅमची दुसरी ८ जीबी स्टिक मात्र दोन्ही बाबतीत टाक, एका स्टिकवर खेळणं म्हणजे गेम मुद्दाम अडखळत चालवणं आहे. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती सेंटिमीटर जागा आहे तेही मोजून जा, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घे.

प्रश्न : मुलाने नवीन कार्ड आणलं पण आमच्या मॉनिटरची निळी केबल त्याला लागतच नाही. मॉनिटरही बदलावा लागेल का? (एक आई, लोकमान्य नगर)

उत्तर : ताई, लगेच नको. निळी केबल म्हणजे व्हीजीए, नव्या कार्डांवर ती नसते. मॉनिटरच्या मागे बघा, एचडीएमआय असेल तर साधी केबल आणा, काम झालं. नसेल तर एचडीएमआय टू व्हीजीए असं छोटं अडॅप्टर मिळतं, आत चिप असलेलं मागा, नुसती जोडकेबल चालत नाही. आणि केबल कार्डावरच लावायला सांगा, बोर्डावर लावली तर स्क्रीन काळीच राहते किंवा नव्या कार्डाचा काही उपयोगच होत नाही.