सह्याद्रीत ग्रॅनाइट दिसत नाही, मग हिमालयात तो आला कुठून?

तुमचा प्रश्न असा, की अंजनेरी-ब्रह्मगिरी पालथे घालूनही ग्रॅनाइटचा खडा सापडत नाही आणि हिमालयात अख्खी शिखरं त्याची कशी?

नाशिकचं आधी उरकतो. आपले डोंगर दुमडून वर आलेलेच नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचले, थिजून त्यांचा बेसॉल्ट हा काळा खडक झाला, पुढे पावसापाण्याने झिजून कडे उरले. अंजनेरी चढताना दिसणारे आडवे टप्पे म्हणजे तेच थर.

हिमालयात भारत आशियाला धडकला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीच्या कवचावर, म्हणजे वरच्या खडकाळ थरावर, कवच चढलं. तिबेटखाली जाडी ७० किलोमीटरच्या आसपास गेली. खोल गाडल्या गेलेल्या गाळाच्या खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम थोडं थोडं असतंच. त्यांची उष्णता जाड कवचात कोंडून राहते आणि कोट्यवधी वर्षांनी तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तरी सगळा खडक वितळत नाही. पांढरं अभ्रक मोडतं, त्याच्या स्फटिकात बांधलेलं पाणी सुटतं, आणि त्या पाण्यामुळे शेजारचं क्वार्ट्झ-फेल्डस्पार कमी तापमानातच पाघळतं.

आता या वितळलेल्या रसाचा आकार. शिलारसाचा (वितळलेल्या खडकाचा) मोठा फुगा हळूहळू वर येतो, हे जुनं चित्र मला तरी पटत नाही. एवढ्या फुग्याला वरचा खडक जागा कशी देणार? हिमालयात रस भेगांतून चढला आणि चादरींसारखा एकावर एक घुसत पसरला. गंगोत्रीजवळचं शिवलिंग शिखर (६,५४३ मीटर) अशाच, सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या फिकट ग्रॅनाइटचं आहे; त्यात टुर्मलीन हे काळं खनिजही असतं. या ग्रॅनाइटच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला एक लांबलचक भ्रंश आहे, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात ती भेग. त्यावरून वरचे खडक उत्तरेकडे घसरत होते आणि रस त्याच्याच खाली साचत गेला. म्हणजे जागा डोंगराच्या हालचालीनेच करून दिली.

लडाखचा ग्रॅनाइट मात्र यात धरू नका. लेहहून खारदुंगलाला जाताना लागतो तो मुख्यतः टकरीआधीचा, टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत होता तेव्हाचा.

आणि सह्याद्रीत ग्रॅनाइट अजिबात नाही असंही नाही. कोयनेला खोल विंधनविवरं घेतली तेव्हा किलोमीटरभर बेसॉल्टखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) लागलाच. उघड्यावर बघायचा असेल तर नांदेडकडे देगलूर गाठा.