चेंडू आहे की फुगा?

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहते, हाताने ॲनिमेशन शिकतेय. उसळणाऱ्या चेंडूची 24 चित्रं काढली, 12 खाली येताना आणि 12 वर जाताना, सगळी सारख्या अंतरावर, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे पडद्यावर लागोपाठ दोनदा. प्ले केलं तर दादा म्हणतो हा फुगा आहे! चुकतंय कुठे? – एक वाचक, बडोदा

उत्तर : अगं, दादा बरोबर बोलतोय (त्याला सांगू नकोस). सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर तुझा चेंडू खाली यायला पूर्ण एक सेकंद घेतोय, आणि एका सेकंदात खरा चेंडू जवळपास पाच मीटर पडतो. सव्वा मीटरवरून सोडला तर अर्धाच सेकंद लागतो, म्हणजे 12 फ्रेम, सहा चित्रं, बस.

पण आकडा सुधारून अर्धंच काम होईल, खरी गंमत चित्रांमधल्या अंतरात आहे. घरी झोपाळा असेलच ना, त्यावर कुणाला तरी बसव आणि नुसतं बघत रहा, टोकाला जाताना कसा रेंगाळतो आणि मधून कसा सप्पकन जातो. चेंडूचंही तसंच, फक्त रेंगाळणं वरच्या टोकालाच, म्हणून तिथे चित्रं अगदी चिकटून काढ आणि जमिनीकडे येताना लांब लांब. जमिनीला लागला की मात्र रेंगाळू द्यायचा नाही, लगेच उडवायचा, आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी.

आणि हो, चित्र काढायच्या आधी स्टॉपवॉच घेऊन खरा चेंडू टाकून बघ, आम्ही सगळे हे टाळतो आणि मग रात्रभर खोडत बसतो.