आधी अंगठा ऐक

अमेरिकन गिटारवादक चेट ॲटकिन्सचं १९५४ मधलं ‘मिस्टर सँडमन’ लाव, पण गिटार बाजूला ठेवून. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐक. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) घातलेला तो अंगठा जाड तारांवर ठेका सोडतच नाही. मग वरची चाल ऐक. हे सगळं एकच हात वाजवतोय हे कळलं की अंगावर काटा येतो, मला अजूनही येतो!

टेनेसीतल्या चेटने गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकलं. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनीवरच वाजवायचा. चेटला ते दिसत नव्हतं, म्हणून त्याने आणखी बोटं कामाला लावली आणि त्यातून त्याची स्वतःची शैली घडली.

पुढे गिटारवादक लेस पॉलबरोबरचा १९७६ चा ‘चेस्टर अँड लेस्टर’ अल्बम घे, मधल्या गप्पांसकट. वेग मोजू नकोस. प्रत्येक सूर किती स्वच्छ सुटतो, तिकडे कान ठेव.